लाकडी मासोळीचा ओठ आणि तिची बुडी

उज्जयिनीसारख्या तीर्थक्षेत्री निघणाऱ्या स्मरणिकेत मासे धरण्याच्या साधनावर लेख पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. रामघाटावर आपण माशांना कणकेच्या गोळ्या घालतो. तेथे गळ टाकण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवू नये. तथापि या लेखातली मासोळी लाकडाची आहे, आणि आपल्या कामापुरता तिला गळ लावण्याचीही गरज नाही. ती घेतली आहे ती एका प्रश्नासाठी. लाकूड पाण्यावर तरंगते हे आपण लहानपणीच शिकलो. मग बोटभर लांबीचा एक हलका लाकडी तुकडा, केवळ त्याच्या हनुवटीशी नखाएवढी पट्टी बसवली म्हणून, दोरीने ओढताच डोके खाली घालून पाण्यात का शिरतो? आणि ओढणे थांबवताच निमूटपणे पुन्हा वर का येतो? आपल्या मुलांना आर्किमिडीजचा सिद्धान्त तोंडपाठ असतो, पण हा प्रश्न विचारला की ती गप्प होतात. म्हणून मुख्यतः नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा पाठ लिहिला आहे. मोठ्यांनीही तो वाचावा; ज्यांनी गच्चीवर पतंग उडवला आहे त्यांना तो इतरांहून लवकर कळेल.

त्या पट्टीला इंग्रजीत ‘लिप’ म्हणतात. आपण तिला ओठ म्हणू. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ असा नेटका शब्द आहे. तेथला गरवणारा बहुधा गळाला कोळंबी किंवा मासळीचा तुकडा लावतो, म्हणजे आमिष खरेखुरे असते. लाकडाची खोटी मासोळी करून मोठ्या शिकारी माशाला फसवण्याची कला मुख्यतः अमेरिकेत वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशिगन राज्यात जेम्स हेडन याने अशा लाकडी मासोळ्यांचा कारखाना काढला, आणि १९१६ च्या सुमारास इंडियाना राज्यातल्या गॅरेट गावच्या क्रीक चब बेट कंपनीने मासोळीच्या तोंडाशी धातूचा ओठ बसवून ती बाजारात आणली. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंस वजनाचा बास मासा धरला, तो याच कंपनीच्या मासोळीवर. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्या वजनाची बरोबरी झाली.

याहून मनोरंजक हकीकत फिनलंडच्या लाउरी रापालाची आहे. हा गरीब कोळी सरोवरात होडी वल्हवताना पाण्यात निरखून पाहत असे. मोठा मासा लहान माशांच्या थव्यावर तुटून पडतो तेव्हा जो एखादा मासा अंमळ वेडावाकडा पोहत असतो, तोच नेमका उचलतो, हे त्याच्या ध्यानात आले. १९३६ साली त्याने बुचाची एक मासोळी कोरली, तिला चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. वार्निश आणायला पैसे नव्हते! तिला ओठ असा बसवला की ओढताना ती जखमी माशासारखी डुलत चालावी. १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकात तिच्यावर लेख आला आणि मागणी इतकी वाढली की ती पुरी करणे रापाला कुटुंबाला अवघड झाले. असो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पतंग हवेहून जड असतो. वारा पडला की तोही पडतो. पण दोरीने धरून वाऱ्यासमोर तिरपा ठेवला म्हणजे वारा त्याच्या पोटावर आपटतो आणि त्याला वर ढकलतो. मासोळी पाण्याहून हलकी असते. दोरी सैल असली तर ती वर तरंगते. पण ओढू लागताच तिचा तिरपा ओठ पाण्याला अडवतो, पाणी ओठाच्या पुढे पाहणाऱ्या अंगावर आपटते आणि त्याला खाली ढकलते. मासोळी म्हणजे पाण्यात उलटा उडवलेला पतंग होय. पतंगाला वजन खाली ओढते, हिला तरंगण्याचा जोर वर ओढतो. बाकी सारा हिशेब एकच. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट दाट असल्यामुळे पतंगाला जेथे हातभर कागद लागतो तेथे मासोळीचे नखाएवढ्या पट्टीवर भागते, इतकाच काय तो फरक.

थोडे आकडे मांडू, म्हणजे ही उपमा केवळ शोभेची राहणार नाही. समजा ओठ दोन सेंटिमीटर लांब व दोन सेंटिमीटर रुंद आहे आणि आपण मासोळी सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने ओढत आहोत. ओठ पाण्याशी ४५ अंशांत तिरपा असेल तर त्यावर ढोबळ मानाने वीस ग्रॅम वजनाइतका रेटा बसतो. हा रेटा पट्टीला काटकोनात असतो, म्हणून त्याचा काही भाग मासोळीला मागे खेचतो आणि काही खाली दाबतो. ४५ अंशांत दोन्ही भाग सुमारे चौदा-चौदा ग्रॅम होतात. मासोळीचे वजन पंधरा ग्रॅम आणि घनफळ वीस घनसेंटिमीटर असेल तर पाणी तिला पाच ग्रॅमच्या जोराने वर ढकलते. चौदा विरुद्ध पाच, तेव्हा मासोळी बुडी मारणार हे उघड आहे. आता वेग निम्मा करा. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो निम्मा न होता चौथाई होतो आणि खाली दाबणारा जोर जेमतेम साडेतीन ग्रॅम उरतो. पाचासमोर साडेतीन हरले. मासोळी पृष्ठभागावरच रेंगाळत राहील. दुकानातून आणलेली मासोळी बुडतच नाही म्हणून तक्रार करणाऱ्याने आधी आपला हात किती जलद फिरतो ते पाहावे.

कोनाचे महत्त्व आपल्या गावाला निराळे सांगायला नको. येथल्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, सुमारे २३ अंशांनी, कललेली आहे. तो कल चुकता तर यंत्राने वेळच चुकीची सांगितली असती. मासोळीच्या बाबतीत पुष्कळांचा असा समज असतो की ओठ जितका सरळ खाली वळवावा तितकी ती अधिक खोल जाईल. खरा प्रकार याच्या उलट आहे. ओठ प्रवाहाशी ७० अंशांत, म्हणजे जवळजवळ भिंतीसारखा उभा राहिला तर रेट्याचा जेमतेम तिसरा हिस्सा खाली लागतो आणि बाकीचा नुसता मागे ओढण्यात खर्च होतो. तोच ३५ अंशांत राहिला तर पाचांतले चार हिस्से खाली लागतात. उताणा फलक धरून वाऱ्याला अडवणारा पतंग हाताला ओढ फार देतो आणि उंच जात नाही, हा अनुभव संक्रांतीला प्रत्येकाने घेतलेला असतो. म्हणून उथळ पाण्यातल्या मासोळीचा ओठ आखूड व हनुवटीखाली खूप वळलेला दिसतो, तर खोल जाणारीचा ओठ लांब आणि नाकाच्या सरळ रेषेत पुढे आलेला, बदकाच्या चोचीसारखा.

येथे चौकस विद्यार्थी विचारील की ओठ जर अंगाच्या सरळ रेषेत असेल तर तो तिरपा होतो कसा? प्रश्न रास्त आहे, आणि या साऱ्या विषयाचे मर्म त्याच्या उत्तरात आहे. ओठाचा पाण्याशी होणारा कोन सुताराने एकट्याने ठरवलेला नसतो. ओढ लागली की मासोळी दोरी बांधलेल्या जागेभोवती वळते. ओठावरचा रेटा तिचे नाक खाली घालतो, मागच्या अंगावरून वाहणारे पाणी तिला पुन्हा रेषेत आणू पाहते, आणि या दोघांची जेथे तडजोड होते त्या कलाने ती चालते. सरळ ओठाची मासोळी शेपूट वर व नाक खाली करून पोहते, त्यामुळे तिचा ओठ आपोआप तिरपा होतो. तेव्हा दोरी कोठे बांधली यावर सारे अवलंबून आहे. पतंग उडवणाऱ्या मुलाला हे नव्याने सांगायला नको. पतंग कितीही सुबक असला तरी त्याचे कन्ने, म्हणजे भोकांतून ओवलेला तो दोरा, बोटभर चुकले की तो गिरक्या घेतो. लांब ओठाच्या मासोळीची कडी नाकावर बसवली तर तरफेची भुजा फार लांब होते. नाक अति खाली जाते, ओठ प्रवाहाला आडवा येतो आणि मासोळी कोलांटी खाते. तीच कडी ओठाच्या पृष्ठावर, मुळापासून तिसऱ्या हिश्शावर किंवा मध्यापर्यंत पुढे नेली की भुजा आखूड होते, ओठ माफक कोनात स्थिर राहतो आणि बुडी खोल जाते. आखूड ओठाला मात्र कडी नाकावरच शोभते.

मग ती खाली जातच का राहत नाही? कारण दोरीही पाण्याला अडते. पतंग उंच गेला म्हणजे मांजाला झोळ पडतो आणि आणखी ढील देऊनही तो वर चढत नाही. तसाच येथे तंगुसाचा अडथळा वाढत जातो. जाड तंगुसाऐवजी बारीक घेतला तर तीच मासोळी अधिक खोल जाते.

आता तिच्या डुलण्याविषयी. पुराच्या दिवसांत क्षिप्रेत रोवलेला बांबू थरथरताना कोणी पाहिला नाही? पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जाताना मागे भोवरे सुटतात, आणि ते एकाच वेळी न सुटता एक डावीकडून, एक उजवीकडून असे पाळीपाळीने सुटतात. थिओडोर फॉन कार्मान याने १९११-१२ च्या सुमारास या भोवऱ्यांच्या रांगेचे गणित मांडले. ओठाच्या दोन कडांवरूनही असेच भोवरे सुटतात. ज्या बाजूला भोवरा तयार होतो तिकडचा दाब कमी होतो आणि ओठ तिकडे ओढला जातो, पुढच्या क्षणी दुसरीकडे. मासोळीचे डुलणे ते हेच. पोटात खालच्या बाजूस बसवलेले लहानसे वजन तिला दर वेळी उभी करते. वजन कमी पडले तर ती कुशीवर पडते, जास्त झाले तर ठोकळ्यासारखी मुकाट चालते. रुंद ओठ असला की भोवरे मोठे व सावकाश, म्हणून डुलणेही ऐसपैस. अरुंद असला की थरथर जलद व बारीक. दोन सेंटिमीटरच्या पट्टीला वर घेतलेल्या वेगात साधारण सेकंदाला सात-आठ हेलकावे येतात, ते बोटांना तंगुसातून स्पष्ट कळतात. ओठाची टोके गोल केली तर पाणी सहज निसटते आणि चाल मऊ होते; चौकोनी ठेवली तर चाल धसमुसळी होते, पण चौकोनी ओठाचा एक मोठा गुण आहे आणि तो पुढच्या गोष्टीशी निगडित आहे.

नर्मदेसारख्या खडकाळ नदीत मासोळी तळाशी अडकते. अडकली की तंगूस तुटतो आणि मासोळी, तिच्या पोटाखालचे तीन-तीन टोकांचे गळ घेऊन, दगडांत राहून जाते. ज्या नदीत लोक अनवाणी उतरून स्नान करतात, म्हशी डुंबतात, कासवे फिरतात, त्या नदीत हे काय करून ठेवले असे होते. म्हणून ओठाची निवड केवळ अधिक मासे मिळावेत म्हणून करायची नसते. ओठ हा मासोळीच्या पुढे चालणाऱ्या आंधळ्याच्या काठीसारखा आहे. दगडाला तो आधी लागतो, मासोळी उसळून बाजूला होते आणि गळ मागे सुरक्षित राहतात. चौकोनी ओठाचे कोपरे या कामी गोल ओठाहून सरस ठरतात. ठेच लागताच ओढणे थांबवले तर लाकूड आपल्या स्वभावाने वर येते व अडकलेली मासोळी पुष्कळदा आपोआप सुटते. लाकडाचा खरा उपयोग येथे आहे. पाणी एक मीटर असेल तेथे तीन मीटर जाणारा ओठ लावणारा मनुष्य हौशी नव्हे, बेपर्वा म्हणावा लागेल.

आपल्याकडे या मासोळीचा विशेष मानकरी म्हणजे महसीर. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात. आपल्या प्रांतातल्या जातीचे शास्त्रीय नाव टॉर टॉर. हॅमिल्टनने १८२२ साली तिचे वर्णन केले. दख्खनमधल्या जातीचे वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतल्या माशांवरून केले आणि तिला खुद्री हे नाव दिले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने १९७० नंतर या माशाची पिल्ले वाढवून तलावांत सोडण्याचे मोठे काम केले. मध्य प्रदेशाने २०११ साली महसीरला राज्यमासा ठरवले. मान मिळाला, मासा मात्र घटला. त्याला वाहते, स्वच्छ, दगडी तळाचे पाणी लागते आणि धरणांच्या साचलेल्या पाण्यात त्याचे निभत नाही. त्यात भर म्हणजे सुरुंग व विष. यांना १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच बंदी आहे, तरी ते पुरते थांबलेले नाहीत. सुरुंगाने डोहातला लहानथोर प्रत्येक जीव मरतो. लाकडी मासोळीने एका वेळी एकच मासा येतो, बहुधा ओठात अडकून, आणि गळाला काटा नसेल तर तो जिवंत परत सोडता येतो. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांत मासेमारीला बंदी असते, कारण ते दिवस माशांच्या विणीचे. त्या दोन महिन्यांत गळाशिवायही मासोळी नदीवर नेऊ नये. लोकांचा गैरसमज होतो.

घरी मासोळी करून पाहणाऱ्यासाठी आता थोडे कारागिरीचे. परदेशात बाल्साचे लाकूड वापरतात. आपल्याकडे पांगारा चांगला. सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी परंपरेने याच हलक्या लाकडाची होत. सागाच्या नादी लागू नये. तो जड, आणि तरंगण्याला शिलकी जोर फार थोडा ठेवतो. आठ-नऊ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा घ्यावा आणि त्याला आकार देण्याच्या आधीच ओठाची खाच करवतीने पाडून घ्यावी. हा क्रम नवशिका हटकून उलटा करतो. ठोकळ्याच्या बाजू सपाट असतात तोवर गुण्याने खाच काटकोनात आखता येते; एकदा अंग गोल झाले की सरळ रेषा धरायला आधार उरत नाही आणि ओठ केसभर तरी तिरका बसतो. तेवढा केसभर तिरकेपणा पुढे सारी चाल बिघडवतो.

ओठासाठी एक मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चालेल. निरुपयोगी झालेली सीडी त्याहून उत्तम. ती पॉलिकार्बोनेटची, १.२ मिलिमीटर जाडीची असते. कात्रीने ती तडकते, म्हणून बारीक पात्याच्या करवतीने कापून कडा कानशीने साफ कराव्यात. वरचा चकचकीत थर खरवडून टाकावा. विद्यार्थ्यांनी एकाच लाकडी अंगासाठी तीन ओठ करावेत: एक आखूड व खाली वळलेला, एक लांब व सरळ, एक मधला. ओठ पक्का डिंकवण्याआधी खाचेत नुसता दाबून बसवता आला तर तिन्ही पालटून पाहता येतात. मात्र प्रत्येक ओठाच्या कोनाची खाच निराळी लागते, म्हणून ठोकळेही तीन कापणे शेवटी सोपे पडते. कडीसाठी एकच पितळी तार नाकापासून शेपटीपर्यंत आरपार न्यावी. लाकडाला पाणी लागू देऊ नये. लाखेचे किंवा वार्निशाचे तीन-चार हात द्यावेत. नर्मदाकाठच्या बुधनीचे खेळणीवाले दुधीच्या लाकडावर लाख चढवतात, ते काम पाहण्यासारखे असते. आत पाणी मुरले की वजन वाढते आणि मोजलेला सारा हिशेब वाया जातो.

परीक्षा घराच्या हौदात घ्यावी. चार हात लांबीचा हौद पुरतो. काठीला दोन हात दोरा बांधून मासोळी सरळ ओढावी, आधी सावकाश, मग जलद, आणि ती कोणत्या वेगाला बुडी घेते ते लिहून ठेवावे. पुष्कळदा ती बुडते पण एका अंगाला पळते. पतंग कन्नी खातो म्हणतात तसेच हे. पतंगाला आपण दुसऱ्या बाजूस चिंधी बांधतो; येथे पुढची कडी पक्कडीने वळवायची. मासोळी उजवीकडे जात असेल तर तिच्या नाकासमोरून न पाहता तिच्या पाठीमागून पाहावे आणि कडी डावीकडे अगदी किंचित, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकीच, कलती करावी. पुन्हा ओढावी. पुन्हा पाहावी. जोर वाढवूनही ती सरळ रेषेत जाऊ लागली की पक्कड ठेवून द्यावी व ओठाच्या मुळाशी डिंकाचा शेवटचा थर भरावा.